फाट्यावरची बिडाची पेटी

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि लाल पेट्याही जाणार अशी आवई उठली. खात्यानं ती खोडून काढली. कराडजवळच्या आमच्या मलकापूरची पेटी मात्र कधीच गेली. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा.

जर्सी बेटावर १८५२ मध्ये रस्त्याकडेला पेट्या उभ्या राहिल्या, त्या टपालखात्यातल्या एका नोकरदाराच्या सूचनेवरून. तो म्हणजे कादंबरीकार अँथनी ट्रोलोप. आपल्याकडं १८७९ ला पोस्टकार्ड आलं. मधली शंभर वर्षं सोडा. माझी गोष्ट पंधरा पैशांच्या कार्डाची.

मलकापुरातल्या ढेबेवाडी फाट्यावरची ती पेटी गोल, बिडाची, डोक्यावर टोपी, कमरेला कुलपाचं दार. उन्हात हात भाजायचा. ढेबेवाडी खोऱ्यातला जवळपास घरटी एक माणूस तेव्हा मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी माथाडी. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील त्याच खोऱ्यातले. मनिऑर्डर आली की पोच कळवायला बायाबापड्या फाट्यावर येत. सातवीतला मी त्यांचा फुकट लेखनिक. "पैसं पोचलं. म्हस व्याली, रेडी झाली." कार्ड टाकल्यावर एक मावशी फटीत बोटं घालून चाचपायच्या, "पडलं न्हवं खाली?" मग पेटीला हात लावून तो कपाळाला लावायच्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप लागला. कार्डं वाढली, मजकूर आटला. शेवटी शेवटी दोनच शब्द असत, "परत या."

पेटी उपटली तेव्हा मी एका कचेरीत विचारायला गेलो. "आता पत्रं लिहितं कोण?" साहेब हसले. त्यांच्या टेबलावर वीतभर टपाल पडलं होतं. बीड भंगारात चांगल्या भावानं जातं, एवढं मला ठाऊक आहे.

इंग्लंडात २००२ साली टपालवाल्यांनी आणि वारसा जपणाऱ्यांनी मिळून ठरवलं, पेट्या रस्त्यावरच राहतील. आमच्याकडं वारसा म्हणजे आगाशिवची लेणी. ती डोंगरात आहेत म्हणून टिकली. महामार्गाच्या कडेला असती तर त्यांचीही रुंदी मोजली गेली असती.

चोवीस तास नळाला येणाऱ्या पाण्यानं मलकापूरचं नाव झालं, त्याचा मला अभिमानच आहे. पण आता नव्या उड्डाणपुलासाठी सगळं पुन्हा खणलंय. परवा बहिणीला लिहिलेलं पन्नास पैशांचं कार्ड टाकायला चाळीस रुपये रिक्षाला मोजून पोस्टात गेलो. टाकलं, आणि फटीत बोटं घालून चाचपलं.