मेंढ्यांतील जठरांत्र कृमिरोग

मेंढ्यांच्या जठरात व आतड्यांत राहणाऱ्या परजीवी कृमींमुळे होणारा रोग. यांतील बहुतेक कृमी गोलकृमी असून उष्ण व दमट हवामानात सर्वांत घातक ठरतो तो चतुर्थ जठरातील हीमाँकस काँटॉर्टस हा रक्तशोषक कृमी. मादी २–३ सेंमी. लांब असते, रक्ताने भरलेल्या तांबड्या आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचे वेढे असल्याने ती पीळ दिलेल्या दुरंगी दोऱ्यासारखी दिसते. एका कृमीमुळे दिवसाला सु. ०·०५ मिलि. रक्त जाते. हजार कृमी असलेली मेंढी म्हणजे रोज सु. ५० मिलि. रक्त गमावते.

मादी दिवसाला ५,००० वा अधिक अंडी घालते. ती लेंड्यांवाटे बाहेर पडतात. पावसाळी हवेत साधारण आठवड्याभरात त्यांतून संक्रामणक्षम डिंभ तयार होतात व ओल्या गवतावर चढून चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात. सु. तीन आठवड्यांनी नव्या माद्या अंडी घालू लागतात. हगवण हे जंतांचे हमखास लक्षण समजले जाते. या कृमीच्या बाबतीत ती बहुधा नसते, त्यामुळे रोग उशिरा ध्यानात येतो. पापणीची आतली बाजू फिकी पडणे, जबड्याखाली पाणथळ सूज येणे व लोकर गळणे ही लक्षणे दिसतात. कोकरे व नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या प्रथम दगावतात. ईसोफॅगोस्टोमम कोलंबियानम हा कृमी आतड्यात गाठी उत्पन्न करतो.

लहान शेतकऱ्याची अडचण जागेची असते. तेच कुरण वारंवार चारल्याने डिंभ साचत जातात. पावसाळा कोरड्या पठारावर काढून नंतर कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या कळपांना स्थलांतराचा या दृष्टीने आपोआप लाभ मिळतो.

थायाबेंडाझोल हे औषध १९६१ मध्ये आले आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणारे कृमी आढळले. आयव्हरमेक्टिनची गत पुढे वेगळी झाली नाही. सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजल्यास प्रतिकारक कृमीच उरतात व त्यांचीच पैदास होते. वजन कमी धरून अपुरी मात्रा देणेही तितकेच घातक होय. म्हणून दक्षिण आफ्रिकेत १९९० नंतरच्या दशकात फमाचा पद्धती विकसित झाली. तीत पापणीच्या आतील रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून फक्त रक्तक्षय झालेल्या मेंढ्यांनाच औषध देतात. इतरांच्या पोटातील औषधाला बळी पडणारे कृमी जिवंत राहतात व प्रतिकारक कृमींचे प्रमाण झपाट्याने वाढत नाही. ही पद्धती केवळ रक्तशोषक कृमींपुरतीच उपयोगी आहे.