नव्या सर्व्हरला द्यायची चिठ्ठी

जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पाने टेसरॅक्ट या अक्षर-ओळख साधनातून काढून त्यांचा मजकूर तयार करायचा, हे माझे काही वर्षांचे काम. घरचा संगणक पुरत नाही, म्हणून ॲमेझॉनचा सर्व्हर भाड्याने घेतो; त्यांचे मुंबई केंद्र २०१६मध्ये सुरू झाले. पहिल्या सर्व्हरवर सगळी साधने हाताने बसवली होती. तो माझ्याच चुकीने पुसला गेला. पाने वाचली, पण कोणती आवृत्ती, कोणत्या क्रमाने बसवली होती, ते आठवेना. नव्या सर्व्हरवर तीच जोडाक्षरे वेगळी उमटू लागली. एकाच अंकाचा अर्धा मजकूर एका रीतीचा, अर्धा दुसऱ्या!

तेव्हा स्टार्टअप स्क्रिप्ट शिकलो. सर्व्हर मागवतानाच आज्ञांची चिठ्ठी सोबत द्यायची. उबंटूमध्ये ‘क्लाउड-इनिट’ हा प्रोग्राम आधीच असतो. यंत्र पहिल्यांदा सुरू होताच तो १६९.२५४.१६९.२५४ या अंतर्गत पत्त्यावरून चिठ्ठी आणतो आणि ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवतो. चिठ्ठीची मर्यादा १६ किलोबाइट. मला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही.

खरी मेख अशी की, त्या वेळी कीबोर्डापाशी कोणीच नसते. ‘ॲप्ट-गेट’ने “बसवू का?” असे विचारले, तर ‘हो’ कोण म्हणणार? म्हणून ‘-वाय’ आधीच लिहायचे. त्याहीआधी ‘अपडेट’, नाहीतर पॅकेजच सापडत नाही. मराठीसाठी ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ हे पॅकेज वेगळे मागावे लागते. एखादी ओळ चुकली तरी बॅश निमूटपणे पुढच्या ओळीवर जाते. ‘सेट -ई’ लिहिले तर तिथेच थांबते. माझी एक छोटी स्क्रिप्ट रूटच्या घरात जाऊन बसली होती आणि मी ‘उबंटू’ नावाने आत शिरून तिला शोधत होतो. आता अशा गोष्टी ‘युएसआर’मधल्या ‘लोकल’च्या ‘बिन’मध्ये ठेवतो.

चिठ्ठी दुरुस्त करून सर्व्हर बंद-चालू केला, तरी काही बदलेना. दोन दिवस गेले. मग कळले की, ती फक्त पहिल्या वेळी चालते. त्या सर्व्हरवर शिरलेला कोणीही ती वाचू शकतो, म्हणून तीत पासवर्ड लिहीत नाही.

‘व्हार’मधल्या ‘लॉग’खाली ‘क्लाउड-इनिट-आउटपुट’ नावाची नोंद असते, ती मी आधी वाचतो. चिठ्ठीची शेवटची ओळ टेसरॅक्टची आवृत्ती एका फाइलीत लिहिते. ती फाइल प्रत्येक अंकाच्या मजकुराशेजारी ठेवतो.