आगोट लागली की

मृग लागला की आम्ही परभणीकर आभाळाकडे डोळे लावून तिफणी बाहेर काढतो. त्याच सुमारास कोकणातला तांडेल शीड उतरवून गलबत खाडीत आत ओढून घेत असे. एकच वारा इथे कामाला जुंपतो आणि तिथे काम थांबवतो. खवळलेला समुद्र टाळून बंदरात थांबून राहिलेल्या या जहाजांची आणि त्यांवरच्या माणसांची गोष्ट आपल्या गोदाकाठालाही तशी परकी नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठा येतात. पैठणचे अकीकाचे खडे आणि तेरचं सुती कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात. पैठण ते भडोच ही वीस दिवसांची वाट होती. इजिप्तहून जुलैत निघालेली जहाजं नैर्ऋत्य वाऱ्यावर इकडे येत आणि वारा उलटा फिरेपर्यंत त्यांना परतता येत नसे. नर्मदेच्या मुखाशी उथळ वाळू आणि भरती-ओहोटीचा जबर ओढा. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन सामोरे जात, भरतीबरोबर जहाज ओढून आणत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोलगट डोहात ते उभं करत. परक्या जहाजाला कुठे थांबवायचं, याची सोय राज्याने लावून दिली होती. मला या सगळ्या नोंदीत हीच गोष्ट मोलाची वाटते, कारण थांबणं सुखरूप व्हायचं तर किनाऱ्यावर कुणीतरी त्याची तजवीज करावी लागते.

मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांनी ती तजवीज मराठीत लिहून ठेवली. त्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं परस्पर तोडू नयेत, हा त्यातला भाग पुष्कळांना ठाऊक असतो. पण पावसाळ्याच्या छावणीबद्दलचा भागही तितकाच जाणतेपणाचा आहे. समुद्र खवळायच्या आधीच आरमार किल्ल्याच्या आश्रयाला न्यावं आणि दरसाल एकाच बंदरात ठेवू नये, असं अमात्य सांगतात. शेकडो दर्यावर्दी महिनोन्‌महिने एका गावावर बसले, तर त्या गावाचं काय होतं, हे त्यांनी ओळखलं होतं. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये इथे मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते. वाऱ्यालाटांपासून आडोसा आणि वर किल्ल्याचा पहारा, अशी ती जागा.

पुढे इंजिनं येईपर्यंत फत्तेमाऱ्या आणि मचवे नारळ, कौलं, मीठ, भात घेऊन हा किनारा धुंडाळत राहिले. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, लागली की त्यांचा वेग संपे, काम मात्र संपत नसे. गलबत वर ओढायचं, झापांनी शाकारायचं, तळाला चिकटलेले कालव खरवडायचे. मग कलफात. फळ्यांच्या सांध्यांतला कुजका कापूस उपसून तेलात भिजवलेला नवा कापूस छिन्नीने ठोकत ठोकत भरायचा. कापूस फार दाबला तर फळी फाकते, सैल राहिला तर पाणी आत येतं. बोंडं वेचण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या मुलखात या कापसाची कुणाला कल्पना नसते. शिडं उन्हाची उघडीप मिळेल तशी वाळवायची, दोर तपासायचे. अवेळी वादळ आलं आणि गलबत भरल्या मालासह परक्या खाडीत अडकलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा गलबतावरचा स्वयंपाकी, म्हणजे भंडारी, शिधा मोजून चूल पेटवी, रात्री नांगरावर पहारा बसे आणि घरी निरोप धाडायला वाट नसे.

शिडं गेली तरी हे अडकणं गेलेलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळात केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २, अशा ६८ बोटी ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडच्या बंदरात बोटीला बोट टेकली. भाषा कळत नव्हती, तरी त्यांच्या खाण्यापिण्याची आणि औषधाची व्यवस्था झाली. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळीही परराज्यांतल्या बोटी याच किनाऱ्याच्या आश्रयाला आल्या. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बोट आत घ्यायची, हे सगळ्यांना कळतं. पण खणातला बर्फ वितळत असतो, मासळी उतरत असते आणि खलाशाचा वाटा विक्रीवर ठरलेला असतो. थांबण्याची किंमत सर्वांत आधी त्याच्या खिशातून जाते.

न थांबण्याची किंमत मे २०२१ मध्ये दिसली. तौक्ते चक्रीवादळाचा इशारा असूनही पी-३०५ हा कामगारांचा तराफा बंदरात न परतता मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राजवळ नांगरून राहिला. त्याच्यावर २६१ माणसं होती. तो बुडाला. तराफ्यावरचे आणि वरप्रदा या टगवरचे मिळून ऐंशीहून अधिक जण गेले. ही माणसं वाचायला हवी होती.

शिडाची होडी घेऊन लांब जाणारे आजचे मराठी दर्यावर्दीही बंदराला कमी लेखत नाहीत. दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि ती फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन अशी मुक्काम करत. त्यांनी घडवलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ २०१८ मध्ये सुकाणू बिघडल्यावर ठरलं नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुईला वळली, दुरुस्त झाली, मगच गोव्याकडे निघाली.

आपल्याकडे मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. जुने कोळी मात्र नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मागणी काही मच्छीमार संस्था करत आल्या आहेत आणि मला ती रास्त वाटते, कारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्र पुष्कळदा शांत झालेला नसतो. मात्र त्या जादा पंधरा दिवसांत खलाशाच्या घरी काय शिजणार, हे मुदत वाढवण्याआधी ठरलं पाहिजे. थांबायला धड बंदरंही हवीत, पण देवगडच्या आनंदवाडी मत्स्यबंदराचं काम कित्येक वर्षं रेंगाळलं. अशा बंदरांत अडकलेल्या बोटींवरच्या माणसांना गोडं पाणी, शौचालय, दवाखाना आणि घरी फोन लावायची सोय हवी, मग ती बोट कोणत्याही राज्याची असो.