माळवदाखालील खण

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा-उमरगा मुलखात जुने घर केवढे, हे सांगताना वडीलधारी माणसे लांबीरुंदीचा हिशेब देत नाहीत. ‘पाच खणांचे’, ‘सात खणांचे’ एवढेच म्हणतात (खण म्हणजे खांब-तुळयांमधला एक गाळा), आणि घरधन्याची ऐपतही त्यातच उमगते. दगडी उथाळ्यांवर उभे केलेले सागवानी वा बाभळीचे खांब, त्यांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरीच्या मातीचा जाड थर, म्हणजेच माळवद, असा या गृहरचनेचा क्रम. ओंडके रचून बांधलेल्या घरांत ओंडकेच भिंत होतात. येथे मात्र छताचा भार लाकडाने पेलायचा आणि दगडमातीच्या रुंद भिंतीने ऊन, वारा नि चोर यांचा बंदोबस्त राखायचा, अशी कामाची वाटणी असे.

माळवद वैशाखात गारवा देते, त्यावर वाळवण पडते, रात्री अंथरुणे पडतात. परंतु गळती बुजविण्यासाठी पावसाळ्याआधी दरसाल नवी माती चढते, जुनी खरवडण्याचा आळस पिढ्यानुपिढ्या चालतो, आणि सुताराने कधी अंदाजिले नसेल एवढे ओझे तुळया मुकाट वाहतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीनजीक भूकंप झाला. सास्तूरसारखी गावे ढिगाऱ्यात गेली आणि लातूर-उस्मानाबाद (आजचे धाराशिव) मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. लोकांनी सारा दोष माळवदाच्या माथी मारला. तो निवाडा मला अर्धाच न्याय्य वाटतो. भिंतींचे दोन पदर जखडणारे आरपार दगडच बहुधा घातलेले नव्हते, त्यामुळे त्या आधी फुटल्या. उलट जेथे खांब-तुळयांचे सांधे पक्के होते तेथे भिंती ढासळूनही खण उभे राहिल्याचे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदविले आहे.

जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नवी गावे वसविण्याबरोबरच जुन्या घरांच्या मजबुतीकरणाची तरतूदही होती: माती कमी करणे, खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार देणे, भिंतीत आरपार सांधे भरणे. धास्तावलेल्या अनेकांनी मात्र माळवदे उतरवून पत्रे घातले, आणि वैशाखातला गारवा गमावला.

ज्यांचे खण अद्याप शाबूत आहेत त्यांनी येत्या मृगापूर्वी नवी पाटी चढविण्याआधी जुनी माती उतरवावी, आणि खांबांच्या बुडाशी वाळवी लागली आहे काय, तेही एकदा पाहून घ्यावे.