लॅपटॉप उघडायचा कधी?

देवळाली कॅम्पात शिस्तीचं कौतुक कुणी कुणाला सांगायला नको. 1947 मध्ये तोफखान्याचं स्कूल काकूलहून इथे आलं. बार्न्स स्कूल तर त्याआधीचं, 1925 चं. त्यामुळे मुलांना वर्गात लॅपटॉप द्यावा का, असा विषय निघाला की ‘शिस्त असली म्हणजे झालं’ हे उत्तर इथे चटकन पटतं. गंमत अशी, की नेमकं हेच उत्तर एका लष्करी अकादमीत तपासलं गेलं आहे.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटला अर्थशास्त्राच्या काही तुकड्यांना लॅपटॉप-टॅबलेटची पूर्ण मुभा दिली. काहींना फक्त टॅबलेट, तोही शिक्षकाला दिसेल असा बाकावर आडवा. उरलेल्यांना वही-पेन. निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले: दोन्ही उपकरणवाल्या गटांना वहीवाल्यांपेक्षा कमी गुण. फरक थोडाच, पण ही मुलं कोण, ते बघा. तुकडीत 18 च्या आसपास कॅडेट, दांडी मारायची सोय नाही आणि पुढची नेमणूक बऱ्याच अंशी गुणांवर. तिथे ही गत, तर पन्नास मुलांच्या आपल्या वर्गात काय होईल?

शिवाय झळ एकट्यालाच बसत नाही. कॅनडातल्या 2013 च्या प्रयोगात व्याख्यान चालू असताना काहींना लॅपटॉपवर भलतीच कामं करायला लावली. त्यांचे पडदे ज्यांच्या नजरेत येत होते, त्यांचेही गुण घसरले. तिसऱ्या बाकावर क्रिकेटचा स्कोअर उघडला, की चौथ्या-पाचव्या बाकाचाही तास गेलाच.

हाताने लिहिलेलंच डोक्यात राहतं, हा दावा मात्र जरा जपून करावा. 2014 च्या गाजलेल्या अभ्यासाने तो केला. 2019 मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा फरक तितका ठाम निघाला नाही. तरी दहावीचा पेपर हातानेच लिहायचा असतो, तेव्हा लिहिण्याचा सराव सुटून कसं चालेल?

म्हणून लॅपटॉप कपाटात कोंडावा असंही नाही. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोणाचा एक कोपरा ओढा: तिन्ही कोन बदलतात, बेरीज 180 वरून हलत नाही. फळ्यावर हे कसं दाखवणार? अंध मुलासाठी तर वाचून दाखवणारा लॅपटॉप हीच वही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याच्या कामासाठी. त्यात पुस्तक हातातच राहतं. पडदा हवा तेवढ्यापुरता.

माझं मत सरळ आहे: शिकवणं चालू असताना लॅपटॉप बंद, प्रयोगापुरता उघडा, आणि ते ठरवायचं शिक्षकांनी. पुढच्या पालकसभेत शाळेत लॅपटॉप किती, हे विचारू नका; कोणत्या तासाला आणि कशासाठी उघडतात, ते विचारा.