‘बहिणा’ की ‘बहिना’?

१९९० साली जळगावी स्थापन झालेल्या आणि आज जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे कार्यक्षेत्र असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती, तिचे नाव आज पदवीपत्रांवर झळकते. तेथे ते ‘ण’ने छापले जाते, खानदेशातील ओट्यावर आणि शेताच्या बांधावर मात्र ‘बहिनाबाई’ असेच ऐकू येते. वर्गात असा उच्चार करणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हणून खाली बसविण्यापूर्वी या नावाचा प्रवास पाहणे उचित ठरेल.

हे नाव देवतेचे नाही, नदीचे वा फुलाचेही नाही. ते नात्याचे आहे. संस्कृतातील ‘भगिनी’ हे त्याचे मूळ. ‘भग’ म्हणजे भाग्य. म्हणून भगिनी ती भाग्यवती. प्राकृतात मधला ‘ग’ लोपला, ‘न’चा ‘ण’ झाला आणि ‘भ’मधील हकार पुढे सरकून ‘बहिणी’ हे रूप सिद्ध झाले. पंजाबीतील ‘भैण’ व कोकणीतील ‘भयण’ यांनी आरंभीचा ‘भ’ राखला. हिंदीत ‘बहन’ झाले, तर गुजरातीतील ‘बहेन’ हे ‘बेन’ होऊन स्त्रियांच्या नावांमागे आदराने जडले. मराठीत सतराव्या शतकात तुकारामशिष्या संत बहिणाबाईंनी ‘बहिणी’ हीच आपली नाममुद्रा केली.

यात एक मौज आहे. संस्कृतात ‘न’ होता, प्राकृताने तो ‘ण’ केला आणि खानदेशी बोलींनी पुन्हा ‘न’ केला. म्हणून खानदेशी उच्चार संस्कृताचा वारसा ठरत नाही. अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, त्याच नियमाने ‘बहिणा’ची ‘बहिना’ होते. परंतु जेथे नियम आहे तेथे अज्ञानाचा आरोप टिकत नाही. ‘न’चा ‘ण’ करणारे प्राकृत जर मराठीची जननी म्हणून वंद्य, तर ‘ण’चा ‘न’ करणारी बोलीच तेवढी हास्यास्पद का?

लेखनात ‘ण’ हवा, याविषयी वाद नाही. परीक्षेला, कचेरीला आणि ग्रंथाला एक प्रमाणरूप लागतेच. शिक्षकांनी ते अवश्य शिकवावे. मात्र प्रमाणरूप शिकविणे वेगळे आणि घरच्या उच्चाराची लाज वाटावयास लावणे वेगळे. लाजलेले मूल ‘ण’ शिकेलच असे नाही. ते बोलणेच सोडून देण्याचा संभव अधिक.

१८८० साली आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई १९५१ मध्ये निवर्तल्या. पुत्र सोपानदेव यांनी जपलेल्या त्यांच्या रचना आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. मुखपृष्ठावर प्रमाण मराठीचा ‘ण’ आणि आत खानदेशची बोली, असे ते पुस्तक आहे. एका पुस्तकात जे सुखाने नांदले, ते एका वर्गात नांदावयास हरकत कोणती?