रिकंडिशन केलेल्या हेडची पारख

छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगविश्वाचा आढावा घेताना चिकलठाणा औद्योगिक वसाहत, 1985 साली सुरू झालेला बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना आणि नंतरची शेंद्रा वसाहत यांचा उल्लेख हटकून होतो. मात्र पुंडलिकनगर-गारखेड्यासारख्या वस्त्यांतल्या रिक्षा व टेम्पो आणि आसपासच्या गावांतले ट्रॅक्टर वर्षानुवर्षे ज्या कसबामुळे चालू राहतात, त्या इंजिन दुरुस्तीच्या कसबाकडे फारसे लक्ष जात नाही. या कसबाचा खरा कस सिलिंडर हेडच्या कामात लागतो.

सिलिंडर हेड हा इंजिनाच्या माथ्यावर बोल्टांनी आवळलेला ओतीव भाग असून ज्वलनकक्षाचे छत, हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, त्यांच्या दांड्या सरळ ठेवणाऱ्या नळ्या म्हणजेच गाइड, व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या कड्या म्हणजेच सीट आणि थंड पाणी खेळवणारे मार्ग एवढे सर्व त्यात सामावलेले असते. मराठवाड्यातला कडक उन्हाळा, आणि कूलंटऐवजी रेडिएटरमध्ये ओतलेल्या बोअरच्या जड पाण्यामुळे या मार्गांत साचणारा क्षार, यांमुळे इंजिन तापते. ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावत असल्याने बिडाच्या ब्लॉकवर आवळलेले ॲल्युमिनियमचे हेड अशा वेळी वाकते, दोहोंमधली सांध्याची पट्टी म्हणजेच गॅस्केट उडते आणि पाणी व ऑइल एकमेकांत मिसळते.

असे हेड फेसिंग करून, म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून, परत येते तेव्हा ते नव्यासारखे चकाकत असते. तथापि चकाकी हा दर्जाचा पुरावा नव्हे. पहिली तपासणी चिरांची असते. दोन सीटांमधली अरुंद जागा आणि प्लग किंवा नोझलच्या भोकाची कड येथे चीर हमखास आढळते. म्हणून पाण्याचे मार्ग बंद करून आत दाबाची हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतात, कारण थंड हेडमध्ये मिटून राहिलेली चीर उष्णतेने उघडते. दुसरी तपासणी सपाटीची असते: सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखाली फिलर गेजची पाती सरकवून पाहतात. लहान हेडसाठी साधारणपणे 0.05 मिमीपर्यंतची फट चालते. नेमकी मर्यादा मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावी लागते. सपाटीसाठी गरजेपेक्षा अधिक धातू काढला तर कॉम्प्रेशन वाढते आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे हेडची उरलेली उंचीही मोजणे अत्यावश्यक ठरते.

सर्वांत नाजूक काम व्हॉल्व्ह आणि सीट यांच्या मिलाफाचे असते. सीट कापणारे हत्यार गाइडच्या आधाराने फिरते, म्हणून गाइड आधी बदलून रीमरने नेमके करावे लागते आणि मगच सीट कापावी लागते. क्रम उलटला तर सीट जुन्या, झिजलेल्या गाइडशी समकेंद्री राहते आणि नव्या गाइडमधला व्हॉल्व्ह एका बाजूने उघडा राहतो. ही चूक नुसत्या नजरेला दिसत नाही, परंतु निळ्या रंगाला दिसते: व्हॉल्व्हच्या उतरत्या कडेला मार्किंग ब्लूचा पातळ थर लावून तो सीटवर अलगद टेकवला असता सीटवर अखंड, सर्वत्र सारख्या रुंदीचे वलय उमटले पाहिजे. हे वलय बहुधा एक ते दीड मिलिमीटर रुंद असते. ते कुठे तुटलेले असेल तर तेथून वायू निसटेल आणि व्हॉल्व्ह जळेल, तर फाजील रुंद असेल तर टेकण्याचा दाब विखुरला जाऊन काजळी अडकेल. यानंतर व्हॉल्व्ह स्प्रिंगांसह जोडून हवा-धुराच्या मार्गात म्हणजेच पोर्टमध्ये रॉकेल ओततात आणि ज्वलनकक्षाच्या बाजूला ओल झिरपते का, हे काही मिनिटे पाहतात. साध्या रॉकेलच्या या चाचणीत ढिसाळ काम उघडे पडते, मात्र गाइडची झीज तीत कळत नाही; त्यासाठी दांडी आणि गाइड यांच्यातली फट स्वतंत्रपणे मोजावीच लागते.

यावरून असे दिसते की हेडचा दर्जा कारागिराच्या ख्यातीवर किंवा बिलाच्या आकड्यावर न ठरता मोजमापांवर ठरतो, आणि ही मोजमापे हेड इंजिनावर चढण्यापूर्वीच घ्यावी लागतात, कारण त्यानंतर प्रत्येक दोषाची किंमत नवे गॅस्केट, पुन्हा मजुरी आणि बुडालेला रोजगार अशी तिपटीने मोजावी लागते. हेडसोबत सपाटी, उंची, गाइडची फट आणि दाब-चाचणीचा निकाल लिहिलेली चिठ्ठी देण्याची प्रथा प्रत्येक वर्कशॉपने पाळली आणि प्रत्येक गाडीमालकाने ती मागून घेतली, तर या कसबाला त्याचा योग्य मान मिळेल आणि रिक्षावाल्याची कमाईही वाचेल.